लाकडी मुखवट्याचा मान

माझ्या लेकीला गावच्या मिरवणुकीत मोठा मान मिळालाय, हे मीच पुण्याला फोन करून सासूबाईंना सांगितलं होतं. वर ‘देवापुढे साखर ठेवा’ असंही म्हणाले होते. आज इतक्या वर्षांनीही तो फोन आठवला की माझी कानशिलं तापतात.

गाव कार्ल्सरूहेच्या दक्षिणेला, ट्रेननं पाऊण तासावर, डोंगराच्या पायथ्याशी होतं. नवऱ्याची सॉफ्टवेअरची नोकरी शहरात, पण शहरात आम्हाला परवडेल असं घर मिळेना. इथे वरचा मजला मिळाला, मागे सफरचंदाची दोन झाडं मिळाली आणि खाली घरमालकीण मिळाली. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या, ताठ बाई. लेक त्यांना ओमा म्हणजे आजी म्हणायची, म्हणून आम्हीही ओमाच म्हणू लागलो. लेक तिथल्याच जवळच्या हॉस्पिटलात जन्मली होती. मी मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आणि गावातल्या मुलांबरोबर ती जी बोली बोलायची ती तर मला कळायचीही नाही, इतकी ती त्या गावची होती.

गावात एक मंडळ होतं. त्याचं जर्मन नाव लांबलचक आहे, पण पुण्यात वाढलेल्या बाईला मंडळ याहून दुसरा शब्द सुचत नाही. आणि खरंच काही वेगळं नव्हतं. तीच वर्गणी, तेच मान-अपमान, कुणाची गाडी पुढे आणि कुणाची मागे यावरून तीच भांडणं. ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारीत, हे मंडळ थंडीला गावाबाहेर हाकलायची मिरवणूक काढायचं. त्यांचं सोंग होतं जंगलातल्या म्हातारीचं: अंगावर फेल्टच्या जाड हिरव्या-तपकिरी कापडाच्या तुकड्यांचा झगा, डोक्याला फडकं, हातात झाडू आणि तोंडावर लिंडनच्या लाकडाचा लांब नाकाचा, एकच दात असलेला मुखवटा. शाळेला त्या आठवड्यात सुट्टी असायची, म्हणून आम्ही दर वर्षी नेमके तेव्हाच भारतात जायचो. त्यामुळे ती मिरवणूक आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

त्या वर्षी मात्र लेक हटून बसली. नऊ वर्षांची होती. वर्गातल्या मैत्रिणीबरोबर ती मंडळाच्या मुलांच्या गटात जायला लागली होती. सगळा शरद ऋतू शाळेच्या जिममध्ये ती म्हातारीच्या उड्या शिकत होती. वाकून, झाडू आपटून, गिरकी घेऊन उडी. आमच्या हॉलमध्येही तेच चालायचं, आणि खालून ओमा छताला काठी न ठोकता सहन करायच्या. भारताची तिकिटं काढू नका, मला मिरवणुकीत चालायचंय, एवढं एकच तिचं टुमणं. मी फेल्टचे तुकडे शिवत बसायचे. एकावर एक, एकावर एक, गोधडी शिवावी तसे. ओमा शेजारी बसून सुई कशी आडवी घालायची ते दाखवायच्या.

अभिमानाचं मला वावडं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आम्ही पुण्याचे, आम्हाला कुणी अभिमान शिकवायची गरज नाही. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात फुटबॉलचा वर्ल्डकप जर्मनीत झाला, तेव्हा गाड्यांच्या खिडक्यांना झेंडे लागले, आणि नवऱ्याच्या ऑफिसातले लोक झेंडा लावून लगेच खुलासाही करायचे की हे फक्त फुटबॉलपुरतं हं, तसं काही नाही. देशाचा अभिमान म्हटलं की ते अंग चोरायचे. का चोरायचे ते मला कळत होतं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटायचा. पण गावाचा अभिमान, बोलीचा अभिमान, आजोबांच्या झाडूचा अभिमान, याला कुणाची परवानगी लागत नव्हती. तिथे ते मोकळे व्हायचे, लाल होईपर्यंत गायचे. मला ते आवडायचं. मी मनात म्हणायचे, चला, हे आपल्यासारखेच आहेत.

डिसेंबरात एका शनिवारी मंडळाचे प्रमुख घरी आले. घरोघरी हीटिंग बसवून द्यायचा त्यांचा धंदा होता. उंच, गालांनी लालबुंद, हसरा माणूस. हातात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला लाकडी मुखवटा होता, नेहमीपेक्षा लहान. ते म्हणाले, तुमची मुलगी सगळ्यांत सुंदर उडी मारते, म्हणून आम्ही ठरवलंय की हा तिने घालावा. जुना आहे, जपून ठेवलेला आहे. मग गुडघ्यावर बसून त्यांनी लेकीला नियमही सांगितला. मुखवटा घालणाऱ्याला एकच नियम: रस्त्यात एखादं लहान मूल घाबरून रडलं, तर त्याच्यापुढे खाली बसायचं, मुखवटा वर करायचा आणि आत माणूस आहे हे त्याला दाखवायचं. लेकीने इतक्या गंभीरपणे मान हलवली की मला हसू आलं.

मी काय समजले असेन ते कोणत्याही मराठी बाईला सांगावं लागणार नाही. आमच्या सासरी गौरीचे मुखवटे थोरली सून आणते. लग्नानंतर सासूबाईंनी मला त्यांना हातसुद्धा लावू दिला नव्हता, लांबूनच बघ म्हणायच्या. ज्या वर्षी त्यांनी ते माझ्या हातात दिले, त्या वर्षी मला कळलं की मी आता या घरची झाले. मुखवटा हातात देणं म्हणजे आमच्याकडे घर हातात देणं. त्यामुळे प्रमुखांची पाठ वळते न वळते तोच मी फोन लावला.

“अहो आई, नातीला मुखवट्याचा मान दिलाय. एवढ्या मुलांत फक्त हिलाच.”

“अगंबाई! परक्या मुलखात असा मान! नारळ फोड आधी,” सासूबाई म्हणाल्या. “आणि पोरीची दृष्ट काढ.”

नारळ मिळाला नाही, दृष्ट काढली. नवरा म्हणाला, “झालं, चढल्या सासू-सून दोघी हरभऱ्याच्या झाडावर.” पण त्याने मुखवट्यासकट लेकीचे फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना मेल केले.

फक्त ओमा हरखल्या नाहीत. त्यांनी मुखवटा हातात घेतला, उलटा करून आतलं लाकूड अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाल्या, “हा छोटा. याला मी ओळखते.” एवढंच. मला वाटलं, म्हातारपणी माणसं अशी अर्धवटच बोलतात.

सहा जानेवारीला गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मंडळाचे सगळे लोक आपापले झगे घेऊन जमले. वर्षभर पेटीत ठेवलेला झगा त्या दिवशी बाहेर काढून ब्रशने झटकायचा आणि मग सोंगाचे दिवस सुरू करायचे, असा रिवाज आहे. पोरं रांगेत उभी होती आणि प्रमुख प्रत्येकाच्या खांद्यावरून ब्रश फिरवत होते. मी बघतेय, तर एकाही मुलाकडे मुखवटा नव्हता. डोक्याला फडकं, गालावर दोन रंगाचे ठिपके, बस्स. माझ्या लेकीच्या काखेत मात्र ती लाकडी म्हातारी.

मी लेकीच्या मैत्रिणीच्या आईला विचारलं, “बाकीच्या मुलांना मुखवटे कधी मिळणार?”

“मुलांना कुठे असतात?” ती हसून म्हणाली. “सोळा पूर्ण झाल्याशिवाय मुखवटा घालू देत नाहीत. मुलांचे चेहरे दिसायलाच हवेत ना, आजी-आजोबा त्यासाठी तर—” आणि ती थांबली. माझ्या लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा गळ्यापासून लाल होत गेला. हे लोक लाजले की सगळ्या हॉलला दिसतं.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. तरी मी प्रमुखांकडे गेले, कारण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

ते तसूभरही चिडले नाहीत. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून समजावू लागले. “हे बघा, ही म्हातारी आमच्या गावची. फार जुनी. मिरवणुकीला बाहेरगावचे लोक येतात, पेपरवाले येतात, फोटो काढतात. मग उगाच प्रश्न विचारत बसतात. मुखवटा असला की सगळं एकसारखं दिसतं. तुमच्या मुलीविरुद्ध कुणाचं काही नाही. मुखवट्याखाली ती आमचीच आहे.”

“आणि मुखवट्याशिवाय?” मी विचारलं.

“आल्झो... म्हणजे...” ते म्हणाले आणि हातातल्या ब्रशचे केस सारखे करत राहिले. मग त्यांना एकदम काहीतरी छान सुचल्यासारखं झालं. “नाहीतर असं करा, तिला शेवटच्या खुल्या गटात तुमच्या कपड्यांत चालू द्या. किती रंगीत असतात तुमचे कपडे! लोकांना फार आवडेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंगीत कपडे! तासभर परकर-पोलकं घालायचं म्हटलं तरी जी पोर टोचतंय, टोचतंय करून घर डोक्यावर घेते, तिचे ते म्हणे कपडे. आणि जो झगा मी बोटांना भोकं पडेपर्यंत शिवला, ज्याच्या उड्या तिने महिनोन्महिने घोटल्या, तो यांचा. दोनच महिन्यांपूर्वी कार्ल्सरूहेला आमच्या मराठी लोकांची दिवाळी झाली होती. नवऱ्याच्या एका सहकाऱ्याची जर्मन बायको नऊवारी नेसून आली होती. कासोटा सुटत होता, नथ उलटी होती, पण सगळ्या बायकांनी तिला पुढे बसवलं, कौतुकानं न्हाऊ घातलं, फोटोत मधोमध उभं केलं. फोटो एकसारखा दिसावा म्हणून तोंडावर पदर घे, असं तिला कुणी म्हणालं नाही. तिने आमचं नेसलं तर ती आमच्यावर मेहेरबानी, आणि माझ्या लेकीने तिच्याच गावचं अंगात घातलं तर तोंड झाका. हा कुठला न्याय? आणि हे सगळं इतकं गोड हसून, खांद्यावर हात ठेवून. शिवी दिली असती तर मी दोन परत दिल्या असत्या.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, “ती चालणार नाही. विषय संपला.”

“अगं, इश्यू नको करूस. दोन तासांचा प्रश्न आहे.”

“तोंड तुझं झाकत नाहीत ना.”

“गेनाऊ, बरोबर आहे तुझं, मला कळतंय. पण आपल्याला इथे राहायचंय. शाळा आहे, ओमा आहेत. पुढच्या वर्षी लोकांना सवय होईल.”

“झाकलेल्या तोंडाची सवय कशी होणार?” मी ओरडले. तो भांडी घासायला उठला, म्हणजे त्यालाही लागलं होतं.

माझा आवाज खाली गेला असावा, कारण थोड्या वेळाने ओमा वर आल्या. स्वयंपाकघरात बसल्या. त्या मूळच्या या गावच्या नव्हत्याच, हे मला त्या दिवशी कळलं. लहानपणी, युद्ध संपल्यावर, आजच्या चेक देशातल्या बोहेमियातून हाकलून दिलेल्या जर्मन लोकांच्या लोंढ्यातून त्या आईबरोबर इथे आल्या होत्या. गावाने त्यांना एका गोठ्याच्या माळ्यावर ठेवलं. बोली वेगळी, उच्चार वेगळे, तोंड उघडलं की पोरं खिदळायची. पुढे सतरा-अठराव्या वर्षी मंडळात माणसं कमी पडली म्हणून त्यांना घेतलं, आणि चण लहान म्हणून हाच छोटा मुखवटा दिला. वर सांगितलं, चाल, पण बोलू नकोस.

“मी बोलले नाही,” ओमा म्हणाल्या. “पुष्कळ वर्षं चालले. हळूहळू त्यांच्यासारखं बोलायला शिकले. मग एक दिवस कुणाला आठवेनासं झालं की मी बाहेरची. तूही पोरीला चालू दे. वेळ गेला की सगळं होतं.”

त्या मनापासून सांगत होत्या, मला माहीत आहे. पण मला त्यांचाही राग आला आणि मी बोलूनही गेले. “ओमा, तुम्ही मुखवटा काढलात तेव्हा खाली त्यांच्याच रंगाचा चेहरा होता. माझ्या लेकीची बोली आत्ताच त्यांची आहे. तिने अजून काय शिकायचं राहिलंय? वेळ गेला की तिचा रंग जाणार आहे का?”

ओमांनी टेबलावरचा कपडा सारखा केला. “नाही,” म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

निकाल शेवटी लेकीनेच लावला. तिला सगळं कळलं होतं, मैत्रिणीने सांगितलं होतं. ती माझ्यासमोर उभी राहून जर्मनमध्ये म्हणाली की तिला चालायचंय, मुखवटा घालून तर मुखवटा घालून, सगळे चालणार आणि ती एकटी खिडकीत बसणार नाही. “आणि तू यायचं, पण मिरवणूक संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाहीस. शब्द दे.” माझ्या तोंडाची कीर्ती घरात सर्वांना ठाऊक. नऊ वर्षांच्या पोरीने आईपासून मिरवणूक वाचवायला निघावं, हे त्या लोकांनी माझ्यावर आणलं. मी शब्द दिला. मनात मात्र एकच चाललं होतं: ही त्या लाकडाच्या आत गेली, की पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, आपणहोऊन जायला लागेल. तोंड झाकलं की आपण त्यांच्यात, हे तिला एकदा पटलं की मी काय करणार?

मिरवणुकीच्या रविवारी कडाक्याची थंडी होती. आम्ही औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर दोरीला लागून उभे राहिलो. ओमांनी घडीचं स्टूल आणलं होतं. बँड आला, शेजारच्या गावांची सोंगं गेली, आणि मग आमची. पुढे मुलांचा गट. वीसेक पोरं, लाल नाकं, हसणारी तोंडं, आजी-आजोबांना हात करणारी. लोक दोन्ही बाजूंनी त्यांना नावानं हाका मारत होते. आणि त्यांच्या मधोमध एक लाकडी म्हातारी, जिला कुणीच हाक मारत नव्हतं. तिची उडी सगळ्यांत उंच होती. सगळ्या पोरांचे चेहरे दिसत होते, फक्त माझ्या लेकीचा नाही.

आमच्यापासून चार पावलांवर दोरीजवळ एक तान्हं नाही, पण जेमतेम चालणारं पोर होतं. लाकडी म्हातारी जवळ आली आणि त्याने भोकाड पसरलं. लेक थांबली. तिला नियम पाठ होता. ती खाली बसली, दोन्ही हातांनी मुखवटा वर सारला, आणि घामानं केस चिकटलेला तिचा सावळा चेहरा बाहेर आला. गावच्या बोलीत ती त्याला काहीतरी म्हणाली. ते पोर हुंदके देता देता थांबलं, तिच्याकडे बघत राहिलं आणि तिचं नाक पकडायला हात पुढे केला. आजूबाजूचे लोक हसले. तिने त्याच्या मुठीत चॉकलेट दिलं.

प्रमुख गटाच्या कडेने चालत होते. ते लगबगीने आले, हसतच, आणि बोटाने खूण केली: खाली घे. लेक उठून उभी राहिली. मुखवटा अजून कपाळावर होता. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिला होता. नवऱ्याने माझं मनगट धरलं होतं, पण त्याची गरज नव्हती; मी शब्द पाळला. माझ्या आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

लेक दोरीपाशी आली. मुखवटा काढून तिने माझ्या हातात दिला.

“आई, धर,” ती मराठीत म्हणाली. “जड आहे.”

आणि वळून धावत आपल्या गटात गेली. मैत्रिणीने तिला हाताला धरून ओढलं, आणि पुढच्या उडीला ती सगळ्यांबरोबर होती.

प्रमुखांनी माझ्यापुढे हात केला. “मुखवटा,” ते म्हणाले. “मी तिला परत घालतो. तसं ठरलं होतं.” मी तो छातीशी धरून उभी राहिले. मग ओमा स्टुलावरून उठल्या. सगळ्या कोपऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, पण त्या गावच्या बोलीत नव्हे, त्यांच्या स्वतःच्या जुन्या बोहेमियातल्या उच्चारात त्या बोलल्या. मला तो उच्चार तोपर्यंत ठाऊकच नव्हता. “मी याच्या आत पुष्कळ वर्षं काढली. एकदाही तोंड उघडलं नाही. पोरीला जाऊ दे.” प्रमुखांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. मागून पुढचा गट येत होता, बँडने चाल बदलली होती, त्यांना पुढे जावंच लागलं.

मी मुखवटा उलटा केला. आतून तो ओला होता. नाकाच्या पोकळीत माझ्या लेकीच्या श्वासाचं पाणी साचलं होतं.

मिरवणूक संपली, म्हणजे माझा शब्दही संपला. ओमांनी रुमाल पुढे केला, पण मी मुखवटा पुसला नाही. तसाच ओला घेऊन प्रमुखांच्या घरी गेले, बेल वाजवली आणि त्यांच्या हातात ठेवला.

“मान परत करायला आले,” मी म्हटलं.